टर्बो गाडी रिच चालतेय, हलकी मिसिंग पण आहे? ब्लूटूथ ओबीडी स्कॅनरचा माझा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, ब्लूटूथवर चालणारा हा छोटा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या ईसीयूतले (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधले) कोड आणि आकडे मोबाइलवर दाखवणारी डबी, घेण्यासारखा आहे, पण नुसते कोड वाचायला आणि चेक लाइट घालवायला घेणार असाल तर घेऊच नका. टर्बो पेट्रोल गाडी रिच चालायला लागते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जायला लागतं, सोबत हलकी मिसिंग (मिसफायर, सिलिंडरमधलं पेट्रोल मधूनच न पेटणं), म्हणजे सिग्नलला उभं असताना स्टेअरिंगवर हात ठेवला तरच जाणवेल इतकीच, असा जो डोकं खाणारा प्रकार असतो ना तिथे या वस्तूचा खरा कस लागतो आणि माझ्या गाडीला नेमकं तेच झालं होतं. रिव्ह्यू लांब होणार आहे, कारण स्कॅनर कसा आहे हे सांगायचं तर त्याच्यात काय बघायचं हे सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही.

वस्तू म्हणाल तर मुठीत मावेल एवढी डबी. स्टेअरिंगच्या खाली १६ पिनचं सॉकेट असतं त्यात खोचायची, मोबाइलला ब्लूटूथने जोडायची, ॲप उघडायचं, झालं. आत ईएलएम ३२७ जातीची चिप असते, निदान खोक्यावर तरी तसं लिहिलेलं असतं. मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची, आणि बाजारात मिळतात त्यातल्या बहुतेक डब्या तिची नक्कल असतात. एक खूण सांगतो, डबीवर व्हर्जन १.५ लिहिलेलं असेल तर नक्कल समजा, कारण मूळ कंपनीने १.५ असं व्हर्जन काढलंच नव्हतं. नक्कल आहे म्हणून लगेच टाकाऊ असं मात्र नाही, माझी पण नक्कलच असावी, पण कॅनवर, म्हणजे नव्या गाड्यांतल्या प्रोटोकॉलवर, बोलणाऱ्या गाडीशी नीट बोलते आणि मला लागणारे आकडे देते. जुन्या प्रोटोकॉलच्या गाड्यांवर अशा स्वस्त डब्या अडखळतात, तेव्हा आपली गाडी किती जुनी आहे ते बघून घ्या.

आता गाडीची तक्रार काय होती ते सांगतो. ॲव्हरेज हळूहळू खाली आलं, सायलेन्सरच्या तोंडाला काळी काजळी, बोट फिरवलं तर बोट काळं. चढावर जरा दाबली की मागे पेट्रोलचा वास. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, मधूनच एक हलका झटका, मग बराच वेळ काही नाही, मग परत एक. आणि तिसऱ्या चौथ्या गिअरमध्ये अडीच तीन हजार आरपीएमला पूर्ण पाय दिला की गाडी उचलायच्या ऐवजी क्षणभर चाचरायची. चेक लाइट लागली तेव्हा कोड आला पी०१७२, म्हणजे बँक एकचं (सिलिंडरच्या पहिल्या ओळीचं) मिश्रण फार रिच, आणि पेंडिंगमध्ये, म्हणजे अजून पक्का न झालेला, पी०३०२, दोन नंबर सिलिंडरची मिसफायर.

एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी कोड वाचला आणि सरळ म्हणाले ऑक्सिजन सेन्सर बदला. मी विचारलं कशावरून, तर म्हणे रिचचा कोड आहे ना. हे ऐकून मला खरंच राग आला, कारण पी०१७२ हा कोड सेन्सर खराब आहे असं म्हणतच नाही, तो एवढंच म्हणतो की मी पेट्रोल कमी करत करत माझ्या मर्यादेपर्यंत आलो तरी मिश्रण रिचच दिसतंय. उलट सेन्सरने आपलं काम केलं म्हणून तर कोड आला. सेन्सर गेला असेल तर त्याचे स्वतःचे वेगळे कोड असतात, पी०१३० च्या आसपासचे. कोडवरून पार्ट बदलणं ही जी सवय लागलीय ना सगळीकडे, तिने लोकांचे किती चांगले सेन्सर भंगारात गेले असतील कोण जाणे.

तर स्कॅनरवर पहिलं काय उघडायचं, तर फ्रीझ फ्रेम. हे पान कुणी उघडतच नाही आणि माझ्या मते सगळ्या ॲपमधलं सगळ्यात मोलाचं पान तेच आहे. कोड पडला त्या क्षणी इंजिनची परिस्थिती काय होती ते ईसीयूने तिथे जपून ठेवलेलं असतं, आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, गाडीचा वेग, फ्युएल ट्रिम (ते काय ते पुढे सांगतो), सगळं. माझ्याकडे दिसलं ते असं: आरपीएम २८०० च्या जवळपास, कूलंट ९१ डिग्री, मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) १३५ केपीए (किलोपास्कल), शॉर्ट टर्म ट्रिम मायनस १४, लाँग टर्म मायनस १२. आता बघा या पाच आकड्यांत किती गोष्टी कळल्या. कूलंट गरम आहे म्हणजे गार इंजिनचं जादा पेट्रोल हा विषय नाही. प्रेशर १३५ म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबापेक्षा वर, टर्बो बूस्ट देत होता, म्हणजे हवा दाबून आत ढकलत होता. आणि दोन्ही ट्रिम मिळून मायनस २६, म्हणजे ईसीयू हिशोबापेक्षा चौथा हिस्सा पेट्रोल कापत होता आणि तरीही पुरत नव्हतं. म्हणून कळकळीने सांगतो, कोड पुसायच्या आधी या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण क्लिअर दाबलं की फ्रीझ फ्रेम गेली, शिकलेल्या ट्रिम बहुतेक गाड्यांत गेल्या, आणि गाडीच्या स्वतःच्या तपासण्यांचे निकाल पण शून्यावर आले. पुरावाच पुसला जातो.

फ्युएल ट्रिम म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि एक भाग पेट्रोल लागतं. ईसीयू येणारी हवा मोजतो, त्याप्रमाणे पेट्रोल देतो, आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर निकाल सांगतो की जमलं की नाही. नाही जमलं तर ईसीयू पेट्रोल वाढवतो किंवा कापतो, तीच टक्केवारी म्हणजे ट्रिम. शॉर्ट टर्म सतत हलतो, लाँग टर्म हळूहळू शिकतो. दोन्हींची बेरीज प्लस मायनस ५ च्या आत असली तर छान, १० च्या पुढे गेली तर काहीतरी आहे, २० ते २५ च्या आसपास पोचली की बहुतेक गाड्या लाइट लावतात. प्लस म्हणजे ईसीयू पेट्रोल घालतोय, त्याला मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, दिसतंय. मायनस म्हणजे कापतोय, त्याला रिच दिसतंय.

आणि इथेच एक मोठी मेख आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. गाडी रिच आहे, प्लग काळे आहेत, वास येतोय, पण ट्रिम बघितली तर प्लसमध्ये! असं दिसलं तर गोंधळू नका, ही पूर्ण वेगळी वाट आहे. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. सिलिंडरने मिसफायर केली की त्यातली न वापरलेली हवा तशीच बाहेर येते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, तो ओरडतो लीन आहे लीन आहे, ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो, आणि बाकीचे चांगले सिलिंडर पण रिच होतात. तसंच सेन्सरच्या आधी कुठे एक्झॉस्ट गॅस्केट लीक असेल, टर्बो आणि डाउनपाइप (टर्बोतून पुढे जाणारा एक्झॉस्टचा पाइप) यांच्या मधलं समजा, तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तोच खोटा निरोप जातो. म्हणजे ट्रिम मायनस आणि प्लग काळे असतील तर जादा पेट्रोल खरंच येतंय किंवा हवा मोजण्यात घोळ आहे, आणि ट्रिम प्लस आणि प्लग काळे असतील तर सेन्सरला कुणीतरी फसवतंय, आधी मिसफायर आणि एक्झॉस्टची गळती शोधा. हा एवढा एक फरक कळण्यासाठी सुद्धा हा स्कॅनर घ्यावा असं मी म्हणेन.

माझी ट्रिम मायनस, पण कुठे मायनस ते महत्त्वाचं. म्हणून मी ॲपमध्ये मोजकेच आकडे लावले, आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर, दोन्ही ट्रिम आणि एमएएफ (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा), आणि रेकॉर्डिंग चालू करून गाडी फिरवली, फोन सीटवर, नंतर घरी बसून ग्राफ बघितला. गाडी चालवताना स्क्रीनकडे बघू नका, रेकॉर्डिंगची सोय त्यासाठीच आहे. ग्राफमध्ये असं दिसलं की आयडलला ट्रिम जवळजवळ बरोबर, किंचित प्लस, दोन चार टक्के. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने पण ठीक. आणि प्रेशर १०० च्या वर गेलं, म्हणजे बूस्ट आला, की ट्रिम धाडकन मायनसमध्ये. बूस्ट जितका जास्त तितकी ट्रिम खोल.

हे चित्र बघितलं की एमएएफ असलेल्या टर्बो गाडीत पहिला संशय एकच, बूस्ट लीक. कारण सरळ आहे. एमएएफ सेन्सर बसतो एअर फिल्टरच्या लगेच पुढे, टर्बोच्या आधी. त्याने मोजलं की समजा इतकी हवा गेली. मग टर्बोने ती दाबली, गार करायला इंटरकूलरमध्ये पाठवली, आणि मध्येच कुठे पाइप फाटलेला असेल तर त्यातली थोडी हवा बाहेर निसटली. ईसीयूला ते माहीतच नाही, त्याने मोजलेल्या सगळ्या हवेचं पेट्रोल दिलं, इंजिनात हवा कमी पोचली, मिश्रण रिच. आयडलला तोच पाइप जवळजवळ हवेच्या दाबालाच असतो, किंवा किंचित खालीच, म्हणून तिथे उलट थोडी न मोजलेली हवा आत येऊ शकते आणि ट्रिम किंचित प्लस दाखवते. आयडलला किंचित प्लस, बूस्टमध्ये खोल मायनस, ही जोडी लक्षात ठेवा. ज्या गाडीत एमएएफ नाही, नुसत्या मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर, हिशोब चालतो, तिथे हे लागू नाही. तिथे मॅनिफोल्डमध्ये जे प्रत्यक्ष पोचलं त्याच्यावरच पेट्रोल ठरतं, म्हणून लीक असेल तर गाडी रिच होत नाही, पिकअप मरतो आणि टर्बो बिचारा जास्त मेहनत करत राहतो, फार झालं तर अंडरबूस्टचा, म्हणजे बूस्ट कमी पडल्याचा, पी०२९९ येतो. तेव्हा आधी आपल्या गाडीत काय बसवलंय ते बघा, नाहीतर दुसऱ्याच्या गाडीचं निदान आपल्या गाडीला लावाल. आणि ज्यांनी हौसेने हवा बाहेर सोडणारा ब्लो ऑफ व्हॉल्व्ह लावलाय आणि गाडी एमएएफवाली आहे, त्यांच्याकडे गिअर बदलताना क्षणभर रिच होऊन झटका बसणं याच कारणाने होतं, मोजलेली हवा बाहेर फेकली जाते.

एक गैरसमज पण इथेच दूर करतो. बूस्टमध्ये गाडी थोडी रिच चालणं हे मुद्दाम केलेलं असतं, नॉक (मिश्रण अवेळी आपोआप पेटणं) होऊ नये आणि टर्बो, कॅटॅलिटिक (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा) फार तापू नये म्हणून बऱ्याच गाड्या पूर्ण पायाला लॅम्बडा (१ म्हणजे वरचं १४.७ चं बरोबर मिश्रण, त्याखाली रिच) ०.८ ते ०.९ च्या दरम्यान ठेवतात. म्हणून नुसता लॅम्बडा ०.८५ बघून घाबरू नका. वाइडबँड, म्हणजे मिश्रणाचा नेमका आकडा देणारा ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत ॲपमध्ये मागितलेला लॅम्बडा आणि मोजलेला लॅम्बडा असे दोन आकडे मिळतात, ते दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. ईसीयूने ०.८८ मागितला आणि मिळाला ०.८७ तर सगळं उत्तम. माझ्याकडे पाय दाबल्या दाबल्या मोजलेला आकडा मागितलेल्यापेक्षा बराच खाली जायचा आणि ट्रिमने ओढून आणेपर्यंत तिथेच राहायचा, नेमका तेव्हाच तो चाचरण्याचा प्रकार.

तरी मी थेट पाइपावर उडी नाही मारली, स्कॅनर हातात आहे तर बाकीचे संशयित फुकटात बाद करता येतात, ते करून घेतले. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी फक्त की ऑन करून कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघायचं, दोन्ही जवळपास सारखं पाहिजे, दोन चार डिग्रीचा फरक चालतो. कूलंट सेन्सर गार इंजिन सांगत बसला तर ईसीयू पेट्रोल ओततच राहतो. थर्मोस्टॅट उघडाच अडकला तरी तेच, चालत्या गाडीत कूलंट ६०–७० लाच राहिलं तर समजून जा. की ऑन, इंजिन बंद, अशा वेळी मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे, समुद्रसपाटीला १०० च्या आसपास, उंचावर कमी. इंजिन बंद असताना दाब बाहेरच्या हवेशी जुळत नसेल तर सेन्सरवरच संशय घ्या. एमएएफ आयडलला गरम इंजिनवर साधारण इंजिन जितक्या लिटरचं तितके ग्रॅम पर सेकंद किंवा त्याहून थोडं वर, दीड दोन लिटरला दोन ते चार, हा अंदाजाचा ठोकताळा आहे, याच्या फार बाहेर असेल तर सेन्सर घाण झालाय का बघा आणि एमएएफसाठीचाच क्लीनर वापरा, कार्ब क्लीनर नको. ऑक्सिजन सेन्सर जिवंत आहे का हे बघायला आयडलला एक छोटा व्हॅक्यूम होज क्षणभर काढायचा, शॉर्ट टर्म लगेच प्लसकडे उडी मारतो का बघायचं. माझ्याकडे उडी मारली, परत लावला तर परत खाली आला. ज्या सेन्सरला बदला म्हणत होते तो अगदी ठणठणीत होता.

पर्ज व्हॉल्व्ह पण तपासा, टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा तो व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर आयडलला रिच आणि पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू व्हायला त्रास, असं दिसतं. त्याचा होज चिमटीत दाबून ट्रिम हलते का बघायचं, बस्स. आणि डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांसाठी (जिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडतात) एक वेगळी गोष्ट, डिपस्टिक काढून वास घ्या. हाय प्रेशर पंपाचं सील गळत असेल किंवा इंजेक्टर टिपकत असेल तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वाढलेली दिसते, आणि गरम झाल्यावर तीच वाफ पीसीव्हीच्या, म्हणजे क्रँककेसमधली (इंजिनच्या ऑइलच्या भागातली) वाफ परत ओढून घेणाऱ्या पाइपातून परत इंजिनात जाते. लोक इंजेक्टर, सेन्सर सगळं बदलतात आणि पेट्रोल येत असतं खालच्या ऑइलमधून. अशा गाडीत नुसतं ऑइल बदललं तरी ट्रिम तात्पुरती सुधारते, पण ते ऑइलमध्ये आलं कुठून हे शोधल्याशिवाय सोडू नका, पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला फार वाईट.

हे सगळं बाद झाल्यावर पाइप. इथे स्कॅनरची हद्द संपते हे मोकळेपणाने सांगतो, तो गल्ली दाखवतो, घर नाही. आधी स्मोक टेस्ट, म्हणजे पाइपात धूर भरून गळती शोधणं, करून बघितली, काहीच नाही, कुठून धूर नाही. कारण स्मोक मशीन अगदी कमी दाबावर चालतं, एक पीएसआयच्या (हे दाबाचं एकक) आसपास, आणि काही फटी दाब आल्याशिवाय तोंडच उघडत नाहीत. मग दाबाची टेस्ट केली. एमएएफच्या पुढे टर्बोच्या तोंडाला बूच बसवायचं, त्याला टायरचा व्हॉल्व्ह, क्लॅम्प घट्ट, इंजिन बंद, पीसीव्हीचा पाइप अडवलेला, कारण क्रँककेसमध्ये दाब गेला तर ऑइल सील बाहेर येऊ शकतं. हवा हळूहळू भरायची, १० पीएसआयच्या आसपास पुरे, गाडीच्या स्वतःच्या बूस्टच्या वर कशाला जायचं, आणि बुचासमोर तोंड नेऊ नका, निसटलं तर गोळीसारखं येतं. ऑइल फिलरमधून थोडी सुस्स आली तर घाबरू नका, उघड्या व्हॉल्व्हमधून आणि रिंगांवरून थोडी हवा जातेच.

सात आठ पीएसआय झाले आणि खालून आवाज आला. इंटरकूलरमधून वर येणारा रबरी पाइप, त्याच्या वळणाच्या खालच्या बाजूला, जिथे वरून बघून कधीच दिसणार नाही. हात फिरवला तर तेलकट लागलं, पीसीव्हीची तेलाची वाफ त्या पाइपातूनच जाते ना, ती फटीतून बाहेर येऊन त्याच्यावर धूळ बसून काळा चिकट पट्टा झाला होता. साबणाचं पाणी मारलं तर त्या पट्ट्याच्या मधोमध फेस उकळल्यासारखा वर आला. दाब सोडला की फट बंद, बोटाने चाचपली तरी कळणार नाही इतकी बारीक, दोन थरांच्या मधून गेलेली. दाब दिला की ओठासारखी उघडायची. पाइपावर कुठेही असा तेलकट ओला डाग दिसला तर तो पुसून टाकायच्या आधी तिथे टेस्ट करा, हवा तिथूनच निसटत असते बहुतेक वेळा.

पाइप बदलला, क्लॅम्प नवीन घेतले, जुने क्लॅम्प परत लावू नका. कोड क्लिअर करून परत रेकॉर्डिंग. बूस्टमध्ये ट्रिम प्लस मायनस ३ च्या आत. ॲक्सिलरेटर दाबला की मागितलेला आणि मोजलेला लॅम्बडा एकमेकांवर बसलेले, ते दोन ग्राफ बघून जे समाधान वाटलं ते शब्दात सांगता येत नाही, गाडीवर जीव असणाऱ्यांनाच कळेल.

रिचचा प्रश्न सुटला पण हलकी मिसिंग पूर्ण गेली नाही, खूप कमी झाली, तरी पूर्ण बूस्टला एखादा झटका होताच. इथे मोड ०६, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्यांचे आकडे दाखवणारा भाग, कामाला आला. बऱ्याच नवीन गाड्या यात सिलिंडरप्रमाणे मिसफायरची मोजणी ठेवतात, लाइट लागण्याइतकी झाली नसली तरी. माझ्याकडे दोन नंबरला आकडा वाढत होता, बाकीच्यांचे शून्य. कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी) दोनवरून तीनवर टाकली, मोजणी दोनवरच राहिली, म्हणजे कॉइल निर्दोष. मग प्लग दोनचा तीनवर टाकला, मोजणी तीनवर गेली. सापडला. प्लग काढून फीलर गेज लावला तर गॅप (प्लगच्या टोकाची ठिणगीची फट) १.१ मिलिमीटर, गाडीला सांगितलेला ०.७ ते ०.८. टर्बोमध्ये बूस्ट आला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, दाट हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, गॅप मोठा असेल तर ठिणगी पडतच नाही. आयडलला तोच प्लग बऱ्यापैकी चालतो. वर इतके दिवस रिच चालल्यामुळे पोर्सेलिनवर कोरडी काजळी बसली होती, त्या काजळीतून करंट निसटतो, आयडलचा तो अधूनमधूनचा झटका त्याचा. चारही प्लग बदलले, एकच बदलू नका. अदलाबदल करून बघताना एका वेळी एकच वस्तू हलवा, कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम हलवले तर काहीच कळत नाही.

आता स्कॅनरच्या तक्रारी, कारण त्या आहेत. वेग कमी आहे. आठ दहा आकडे एकदम लावले की प्रत्येकाचा नंबर यायला वेळ लागतो, ग्राफ पायऱ्यापायऱ्यांचा होतो आणि जो झटका अर्ध्या सेकंदाचा असतो तो मधल्या मध्ये हरवतो. चार पाचच आकडे ठेवा. ब्लूटूथ मधूनच सुटतं, विशेषतः फोनवर कॉल आला की, आणि रेकॉर्डिंग तिथेच तुटतं, याने मला फार वैताग दिला. मोड ०६ चं पान काही ॲपमध्ये निव्वळ हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत दिसतं, नाव नाही, एकक नाही, दुसरं ॲप टाकून बघावं लागलं. बूस्टचा आकडा ॲप स्वतः वजाबाकी करून काढतं आणि बाहेरचा दाब ठरावीक धरतं, म्हणून घाटावर बूस्ट चुकीचा दिसतो, त्यापेक्षा सरळ मॅनिफोल्ड प्रेशरच बघा. पर्ज व्हॉल्व्ह उघड बंद करून बघणं, एकेक इंजेक्टर बंद करून बघणं, हे या डबीच्या आवाक्यात नाही, त्यासाठी दोन्ही बाजूंनी बोलणारा मोठा स्कॅनर लागतो. एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स यांचे कोड पण माझ्या डबीत येत नाहीत. खोक्यावर सगळं लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात इंजिनपुरतंच धरून चाला.

तरी मी याला पाचपैकी चार देईन. एक गुण कापला तो तुटणाऱ्या ब्लूटूथसाठी. ज्याला आकडे बघायचा कंटाळा आहे त्याने घेऊ नये, त्याच्या हातात ही फक्त लाइट घालवायची डबी होईल आणि त्यात गाडीचं नुकसान आहे. ज्याला स्वतः पाना हातात घ्यायचा नाही पण गॅरेजवाल्याशी नीट बोलायचंय, त्याने जरूर घ्यावी. फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट आणि बूस्टमधला ट्रिमचा ग्राफ घेऊन गेलात की चांगला मेकॅनिक लगेच खूश होतो, अर्धं काम झालेलं असतं, आणि जो ते बघायलाच तयार नाही त्याच्याकडे गाडी सोडायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणखी एक, चेक लाइट नुसती पेटलेली नसून लुकलुकत असेल तर रेकॉर्डिंग वगैरे राहू द्या, पाय काढा, गाडी बाजूला घ्या. लुकलुकणं म्हणजे मिसफायर इतकी झालीय की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिकमध्ये जाऊन तिथे जळतंय आणि ते तापून वितळू शकतं, मग खर्च पाइप आणि प्लगचा राहत नाही. आणि काम झालं की डबी सॉकेटमधून काढून ठेवा, १६ नंबरच्या पिनला बॅटरी कायम चालू असते, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ही हळूहळू बॅटरी पिते, शिवाय बऱ्याच स्वस्त डब्यांचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असलेला १२३४ च असतो.